चिमणी उडवायची आहे

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी काकांचा मेसेज आला. "शनिवारी चिमणी उडवायची आहे. लांब जायचंय, शुक्रवारी निघावं लागेल. गाडी कोण काढेल?"

आता असा मेसेज वाचून भल्या माणसाने काय समजावं? बघता बघता ग्रुपवर पक्ष्यांचा थवा उतरला. कोणी फुलं पाठवली, कोणी हात जोडले. एका काकूंनी विचारलं, "पंख बरा झाला का हो तिचा?" म्हणजे काकांनी जखमी चिमणी सांभाळली होती, हे त्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. मराठी शाळेच्या बाई मुलांना आणायला तयार झाल्या. नागपूरच्या एका तरुणाने लिहिलं, "काका, क्या बात है यार!" आणि मी, जिला आयुष्यात कुठल्याही तमाशाचं आमंत्रण नाकारता आलेलं नाही, लिहून मोकळी झाले, "मी नेते!!!"

दृश्य माझ्या डोळ्यांसमोर तयारच होतं. डोंगरमाथा, वारा, काकांची थरथरती ओंजळ उघडते, चिमणी भुर्रकन जाते, आणि बाजूला मी, ओढणी उडतेय, डोळ्यांत बेताचं पाणी. फोटो कोण काढणार, एवढाच प्रश्न होता.

शुक्रवारी दुपारी मी बाजरीची पिशवी घेऊन काकांच्या दारात हजर. दार उघडलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात पुढून लोखंड बसवलेले बूट, खांद्याला शबनम, आणि शबनममधून नारळाची शेंडी डोकावतेय.

"पिंजरा कुठाय, काका?"

"कसला पिंजरा?"

"चिमणीचा."

काका आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या बाजरीकडे बघत राहिले. "अगं, पन्नास मजल्यांएवढी उंच आहे ती. कुठल्या पिंजऱ्यात मावेल?"

आपल्या पूर्वजांनी पक्षी, रॉकेलचा दिवा आणि धुराडं या तिघांना एकच नाव का ठेवलं, ते त्यांनाच माहीत. आणि उडवणं म्हणजे आकाशात सोडणंही आणि सुरुंग लावणंही. मी दारातच खाली बसून हसले. काका हसले नाहीत. हेल्मेट सरळ करत म्हणाले, "हसून झालं असेल तर निघू. पाच तासांचा रस्ता आहे."

काका म्हणजे आमच्या मंडळातले सगळ्यात जुने. चंद्रपूरकडचे. तरुणपणी इंजिनीअर होऊन इकडे आले ते थेट ओहायो नदीकाठच्या एका कोळशाच्या वीजकेंद्रात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत. काकू गेल्यानंतर मुलीकडे हर्नडनला राहायला आले. मुलगी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने कॅलिफोर्नियाला होती.

"तिला काय सांगितलंत?" गाडी रस्त्याला लागल्यावर मी विचारलं.

"तेच. चिमणी उडवायची आहे."

"आणि तिला काय समजलं?"

"जे समजायचं ते समजलं," काका म्हणाले, आणि आता मात्र त्यांचे खांदे हसण्याने गदगदायला लागले. "तिला धुराडं म्हणालो असतो, तर तिने मला घरात कोंडून घातलं असतं. माझं बीपी माझ्यापेक्षा तिला जास्त आवडतं."

म्हणजे मेसेजमधला शब्द मुद्दाम निवडलेला होता! इतकी वर्षं मी या माणसाला नीरस समजत होते. माझ्या तोडीचा नट माझ्या शेजारी बेल्ट लावून बसला होता.

पण हसणं ओसरलं, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. वीजकेंद्र काही वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. कोळसा परवडेना, जुनी यंत्रं दुरुस्त करणं परवडेना, जवळच गॅसचं नवं केंद्र आलं. आता उरलेली चिमणी सुरुंगाने पाडायची होती, आणि बटण दाबायचा मान काकांना देऊ केला होता. पहिल्यांदा बॉयलर पेटवला त्या पाळीतला स्वतःच्या पायांवर उभा राहू शकणारा हा एकच माणूस उरला होता.

"म्हणजे तुम्हीच उडवणार? काका, केवढा मान!"

"हो म्हटलंय त्यांना," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण दाबेन की नाही, ते मला माहीत नाही."

"का?"

"मी पेटवली गं. मीच पाडू?"

मी आरसा सारखा केला.

"आणि नाही दाबलंत तर?"

"तर टायवाला दाबेल." टायवाला म्हणजे त्यांचा जुना मॅनेजर. एवढी वर्षं कोळशाच्या केंद्रात काढून ज्याच्या टायला काळा डाग लागला नाही असा. काकांचा चेहरा श्रीखंडात माशी निघाल्यासारखा झाला. "त्याच्या हातून तर मुळीच नको."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमच्याकडच्या त्या बिनखिडक्यांच्या करड्या इमारती सुरू झाल्या होत्या. डेटा सेंटर. त्यातल्याच एकीत मी काम करते. आत कॉम्प्युटरच्या कपाटांच्या रांगा, रात्रंदिवस घोंघावत, रात्रंदिवस वीज पीत. काकांनी त्यांचं नाव जावई ठेवलंय.

"बघ, तुझे जावई. अधिक महिना असो नसो, बारमाही पंगत मांडून बसलेत. वाढा, वाढा, अजून वाढा. यांच्यापायी आमच्या शेजारच्या कोळशाच्या केंद्राची निवृत्ती पुढे ढकलली, माहितेय? म्हाताऱ्याला पेन्शनीतून उठवून परत कामावर पाठवलं."

"मग तुमचं का नाही ढकललं?"

"आमचं आधीच गार झालं होतं. जावई उशिरा आले."

मी गाडी हाणत राहिले. माझी गाडी विजेची, हे काकांना पसंतही आहे आणि नाहीही. मेरीलँडचे डोंगर लागले आणि माथ्यावर पवनचक्क्या दिसायला लागल्या. पांढऱ्या, सडपातळ, सावकाश हात फिरवणाऱ्या. काकांनी चष्मा वर केला आणि मुलगी दाखवायला आणल्यासारखं निरखून पाहिलं.

"देखण्या आहेत. पण लहरी. मनात असेल तर कामाला येतील."

पुढे एका उतारावर सौर पॅनेलचं शेत होतं, खाली मेंढ्या चरत होत्या. काका म्हणाले, "हे स्थळ चांगलं. निर्व्यसनी. फक्त संध्याकाळी, घरात माणसं आल्यावर, नेमके हे निघून जातात."

"बॅटरी असते आता, काका. डबा भरून ठेवतात."

"ठेवतात की. शिकतायत. मी काय नाही म्हणतोय?" पुढे नदीजवळ गॅसचं केंद्र दिसलं. ठेंगणी धुराडी, नावालाही धूर नाही. त्यावर काकांचा शेरा: "चटपटीत. पण रोजचा भाव वेगळा." मी अणुकेंद्राचं विचारलं, तेव्हा त्यांनी आदराने मान लववली. "खानदानी. पण लग्नाचा खर्च कोण करणार? आणि मागे जे उरतं ते ठेवायचं कुठे, यावर अजून सासरमाहेर भांडतंय."

"आणि कोळसा?"

"कोळसा म्हणजे घरचा थोरला," काका म्हणाले. "सगळ्यांना यानेच जेवू घातलं. पण खोकतो. आणि दुसऱ्यांनाही खोकायला लावतो. तुझ्या काकू वाळत घातलेल्या चादरी आत आणून पुन्हा धुवायच्या. चिमणीला सवत म्हणायच्या. मी वकिली नाही करत त्याची. धूर वाईटच होता."

वाटेत गाडी चार्ज करायला थांबलो. मी कॉफी आणून दिली. काकांनी कॉफी बाजूला ठेवून फोन काढला. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसं काका एक ॲप बघतात. आपल्या भागात या क्षणी कशापासून किती वीज होतेय, त्याचं रंगीत वर्तुळ.

"तुझ्या गाडीत आत्ता काय भरतंय बघ. गॅस सगळ्यात पुढे. मागोमाग अणू. आमचा थोरला कधीकाळी निम्म्याहून जास्त ताट एकटा वाढायचा, आता तिसरा. आणि हे पिवळं बघ, ऊन चांगलं पडलंय, सूर्य त्याच्या मागे लागलाय." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. बापाने वाढत्या मुलाची उंची दारावर खूण करून बघावी, तशी उत्सुकता होती.

आणि का कोण जाणे, मला तेव्हा माझ्या मुलीचा जन्म आठवला. दिवस भरायच्या आधीच आली होती. बाहेर बर्फाचं वादळ. एवढीशी, काचेच्या पेटीत, वर पिवळा दिवा, तिला ऊब देणारा. आठवडाभर मी त्या दिव्याकडे बघत बसले होते. एकदाही लुकलुकला नाही. मी जळगावात वाढलेली. वीज जाणार हे मी गृहीत धरूनच जगले होते. तिकडे दिवे परत आले की सगळी गल्ली "आली, आली" करून ओरडायची. इथे ओरडायची वेळच आली नाही, म्हणून ती कुठून येते, हे कधी विचारलंही नाही.

मी काकांना ते वादळ सांगितलं. कुठल्या हिवाळ्यात, तेही.

"तो आठवडा?" काका म्हणाले. "रेल्वेच्या वाघिणीतला कोळसा गोठून दगड झाला होता. तो फोडायला माणसं लावली होती. आम्ही घरी गेलो नव्हतो त्या आठवड्यात. तुमच्याकडची लाईनही त्याच जाळ्यात." मग थोड्या वेळाने, "पेटीत होती का पोरगी? अरे बाप्पा."

मी कॉफीचा कप उगाचच फिरवत राहिले. आभार मानायची आपल्याकडे धड रीत नाही. मी त्यांच्या कॉफीत जास्तीची साखर घातली, ती त्यांना चालत नाही, आणि त्यांनी ती कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

संध्याकाळी मोटेलवर पोचलो. लॉबीत बसून मी विचारलं, "आता हा नारळ सांगा. कसलं उद्घाटन आहे?"

काकांनी नारळ मांडीवर घेतला. "बॉयलर पहिल्यांदा पेटवला त्या दिवशी मी पंपहाऊसच्या मागे जाऊन नारळ वाढवला होता. चोरून. बॉयलरच्या दाराला कुंकवाचं बोट लावलं. फोरमन ओरडला, हे लाल काय गळतंय? सगळे पाइप तपासले त्याने. मी गप्प."

"मग?"

"मग काय. देव बसवला मी तिथे. आता उठवायला नको? गणपती बसवला की उत्तरपूजा केल्याशिवाय कोणी मूर्तीला हात लावतं का? स्टार्टअप प्रोसिजर पूर्ण झाली, शटडाउन प्रोसिजर राहिलीये. अशीच कशी पाडू?"

"म्हणजे उत्तरपूजा झाली तर दाबाल?"

"ते उद्या बघू. पण झाल्याशिवाय तर नक्कीच नाही. आणि ती तू करायची."

मी करायची, त्याला कारण होतं. एका गणेशोत्सवात आमचे गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर पूजा सांगत होते. ऐन उत्तरपूजेत पुण्यात लाईट गेली आणि पडदा काळा झाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी दर वर्षी पहिल्या रांगेत बसून ऐकत आलेली. पुढचं सगळं मी खड्या आवाजात, हातवाऱ्यांसकट म्हणून टाकलं. काय चुकलं ते गणपतीने पोटात घातलं असेल, पोट मोठं आहे. तेव्हापासून मंडळात मला गुरुजी म्हणतात.

"करते," मी म्हटलं. "पण एक घोळ आहे. शेवटी 'पुनरागमनाय च' येतं. परत या म्हणून. कोळशाला म्हणायचं का ते? माझ्या छपरावर सौर पॅनेल आहेत, काका. मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"मग ते गाळ."

"बरं, गाळते."

काका नारळ फिरवत राहिले. "गाळून कसं चालेल? अर्धवट राहील. 'येतो' न म्हणता कोणी घराबाहेर पडतं का?"

"मग म्हणते."

"आणि खरंच परत आला तर? तुझे जावई बसलेतच पाट मांडून."

"मग गाळू?"

"तू झोप जा आता," काका म्हणाले.

सकाळी नदीकाठच्या मोकळ्या मैदानात गावातली पुष्कळ माणसं जमली होती. घडीच्या खुर्च्या, डोनटचे खोके, कुत्री, मुलांच्या कानांत बोळे. आणि समोर ती. पन्नास मजले म्हणजे काय, ते मला मान मागे टाकल्यावर कळलं. पाडकाम करणाऱ्या कंपनीची एक तरुण मुलगी काकांना भेटायला आली आणि तिने त्यांना चिमणीच्या आतल्या अस्तराची एक वीट आठवण म्हणून दिली.

"बटण खरं आहे का?" काकांनी इंजिनीअरचा प्रश्न विचारला. "कुठे जोडलंय?"

ती मोकळेपणाने हसली. "खरं म्हणजे नाही, सर. तुम्ही दाबलंत की टेबलावरचा दिवा लागतो. तो बघून आमचा माणूस पलीकडे खरं बटण दाबतो."

"आणि मी नाही दाबलं तर?"

"तर तो थांबेल. तुमच्यासाठी."

बटण खोटंच आहे म्हणून सुटायचा तेवढा आडोसाही हाती लागला नाही. काका माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "म्हणजे खोटं आहे, असंही म्हणता येत नाही."

कडेला एक लाकडी बाक होता. त्यावर काकांनी वीट मांडली, तोंड चिमणीकडे, विटेला तोंड असतं असं धरून. मी हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या बागेतलं एक पिवळं फूल मी येतानाच पळवलं होतं. काकांनी बाकाच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ वाढवला, पहिल्याच फटक्यात. लाल जाकीट घातलेले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. काकांबरोबर कंट्रोल रूममध्ये कित्येक वर्षं होते म्हणे. माझ्या हातातल्या अक्षता बघून त्यांनी विचारलं, "तांदूळ? लग्न कोणाचं आहे?"

"लग्न नाही," काका म्हणाले. "शटडाउन प्रोसिजर."

म्हाताऱ्याने एक क्षण विचार केला, टोपी काढली आणि हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर अक्षता ठेवल्या. त्यांनी त्या औषधाच्या गोळ्या धराव्यात तशा जपून धरल्या.

मी सुरुवात केली. आवाज पोटातून, उच्चार शक्य तितके शुद्ध. दोन कुत्री भुंकायची थांबली. शेवटची ओळ आली तशी मी काकांना खूण केली. त्यांनी आणि त्यांच्या मित्राने अक्षता वाहिल्या, आणि काकांनी दोन्ही हातांनी वीट जागेवरून जराशी सरकवली. गौरीगणपती हलवतात तशी, बोटभर.

मी शेवटच्या दोन शब्दांपाशी थांबले. "म्हणू का, काका?"

"थांब," ते म्हणाले.

तेवढ्यात भोंगा झाला. सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि काकांना टेबलाकडे नेलं. मीही मागोमाग गेले; मला कोणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या हातात पूजेचं तबक होतं आणि तबकवालीला जगात कुठेच कोणी अडवत नाही. टेबलावर भलंमोठं लाल बटण, शेजारी दिवा आणि माईक. टायवाला टाय सारखा करत पलीकडे उभा होता, अगदी हाताच्या अंतरावर. गावच्या मेयरबाई दोन वाक्यं बोलल्या. मग सगळ्या मैदानाने मोजायला सुरुवात केली. दहा, नऊ, आठ. मुलं किंचाळत मोजत होती. काकांनी अंगठा बटणावर ठेवला.

शून्य झालं.

काही झालं नाही.

लोकांनी कानांवर हात धरलेले, फोन उंचावलेले. कोणीतरी हसलं. कंपनीची मुलगी अवघडून पुढे झाली. टायवाल्याने घसा साफ केला आणि हळूच म्हणाला, "मी करू का?" काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते वर बघत होते, चिमणीच्या टोकाकडे, आणि अंगठा होता तिथेच होता. मला वाटलं, हा माणूस आता हात मागे घेणार. घेतला असता तरी मी त्यांना एक शब्द बोलले नसते, हेही खरं.

मग काका माझ्याकडे वळले. माईक चालू होता, ते विसरून, किंवा न विसरून.

"म्हण," ते म्हणाले.

मी तबक डाव्या हातात घेतलं, छाती भरून घेतली, आणि ओहायो नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"पुनरागमनाय च!"

आणि काकांनी दाबलं.

आधी आवाज आलाच नाही. पायथ्याशी धुराचे गोळे फुटले, मग छातीवर धक्का, मग गडगडाट. ती एक क्षण तशीच उभी राहिली, आपल्याला विचारलंय का कोणी, अशी. मग एका अंगाला कलली, सावकाश, आणि कमरेत मोडून नदीच्या बाजूला झोपली. धूळ उठली आणि आमच्यावर आली. मेयरबाई, डोनट, टाय, सगळं एका रंगाचं झालं. टाय झटकणाऱ्या त्या माणसाला बघून काकांच्या मिशीखाली जे हललं ते मी पाहिलं आणि माझ्यापुरतं ठेवलं.

लोक टाळ्या वाजवत होते. काही जुने कामगार वाजवत नव्हते, नुसते उभे होते. लाल जाकीटवाल्या आजोबांना मी खोबऱ्याचा तुकडा दिला. तो त्यांनी धुळीसकट खाल्ला. एका बाईने मला विचारलं, ते शेवटचं काय म्हणालात, आणि त्याचं स्पेलिंग काय? मी सांगितलं, म्हणजे प्रयत्न केला. तिने तीनदा म्हणून बघितलं आणि नवऱ्याला सांगितलं की ते त्या चिमणीचं भारतीय नाव आहे.

"काका," मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "बोलावलंतच ना शेवटी कोळशाला परत? आता माझ्या पॅनेलना मी काय सांगू?"

"कोळशाला कुठे?" काका हेल्मेट काढून धूळ झटकत म्हणाले. "दर वर्षी गणपतीला परत या म्हणतेस, ते काय त्याच मातीला? ती विरघळली पाण्यात. पुढच्या वर्षी माती दुसरी आणतात. येतो तो तोच येतो." त्यांनी नाक शिंकरलं. "तसा इथला देव येत राहिला पाहिजे. वाऱ्यातून ये, उन्हातून ये, कशातूनही ये. पोरं पेटीत असतात गं कुठे कुठे."

त्यांचे डोळे लाल झाले होते, धुळीने असतील. माझेही झाले होते आणि माझ्या बाबतीत मी धुळीचं नाव सांगणार नाही.

काकांच्या मुलीचा फोन आला. तिने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. फोन काकांच्या कानाला होता तरी मला दोन हात लांबून सगळं ऐकू येत होतं. "बाबा! चिमणी म्हणजे ही? तुम्ही मला पक्षी सांगितलंत!"

"मी पक्षी म्हणालोच नाही," काका म्हणाले. "शब्द आठव."

"ते जाऊ दे. दाबलंत तुम्ही? तुम्ही स्वतः?"

काकांनी अंगठ्यावरची धूळ सदऱ्याला पुसली. "हो. मीच."

"बीपी?"

"उत्तम. जेवायला येतोय. पिठलं कर."

"मी कॅलिफोर्नियात आहे, बाबा!"

"मग सावकाश कर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी गाडी आणायला गेले. परत आले तेव्हा मैदान रिकामं होत आलं होतं आणि धूळ खाली बसली होती. काका वीट काखेत धरून कुंपणाशी एकटेच उभे होते. मी काच खाली केली.

"चला काका, बसा."

"तिकडे डोंगर आहे गं," ते म्हणाले.

जिथे चिमणी उभी होती त्याच्या मागे, नदीपलीकडे, खरंच एक डोंगर होता. हिरवागार, मध्ये चारदोन घरं, एका घराच्या ओट्यावर एक बाई झाडू घेऊन धूळ लोटत होती.

"आधीपासून असेल की, काका. डोंगर कुठून येणार आज?"

"असेल. पण रोज गेटातून आत आलो की मी आधी हिच्याकडे बघायचो. धुराचा रंग कसा आहे, आज काय दुखतंय. मागचं कधी बघितलंच नाही."

ती बाई झाडू टेकून उभी राहिली आणि आमच्याकडे बघून तिने हात हलवला. काकांनीही वीट एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि हात हलवला.

माझ्या मागे एक ट्रक येऊन उभा राहिला होता. त्याने हॉर्न दिला. काकांनी मागे न बघता मला म्हटलं, "जरा थांब. एवढं बघू दे."

ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मी गाडी बंद केली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.